लाटेच्या पुढें चार हात



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना थोडें हसूं आलें असेल. ज्या माणसानें उभा जन्म मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिकें शिकविण्यांत घालविला, त्यानें साठी उलटल्यावर समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याच्या खेळाविषयीं बोलावें, हें विपरीतच आहे. मला स्वतःलाहि तसें वाटतें. परंतु शिक्षकाला एक जन्माचा रोग असतो. कोणी एखादी गोष्ट चुकीच्या रीतीनें करीत असलेला दिसला, कीं त्याला चैन पडत नाहीं; आणि चुकणारा मुलगा आपलाच नातू असेल, तर मग रात्रीची झोपहि जाते.

हा खेळ सर्फिंग या नांवानें आतां सर्वांना ठाऊक झाला आहे. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, म्हणजे २०२१ सालीं, त्याला प्रथमच स्थान मिळालें. चित्रांत आपण काय पाहतों ? हिरव्यागार लाटेच्या उतारावर एक तरुण उभा आहे, हात पसरलेले आहेत, मागें पांढरा फेंस उसळतो आहे. पण हें चित्र म्हणजे शाळेचा बक्षीससमारंभ होय. वर्षभराचा अभ्यास त्यांत दिसत नाहीं. ज्यांनीं घड्याळ लावून या खेळाडूंचा वेळ मोजला आहे, त्यांना असें आढळलें कीं, पाण्यांत घालविलेल्या वेळापैकीं सुमारें अर्धा वेळ खेळाडू फळीवर पालथा पडून हातांनीं पाणी वल्हवीत असतो, आणि लाटेवर प्रत्यक्ष उभा राहण्याचा वेळ एक दशांशहि भरत नाहीं. उरलेला वेळ वाट पाहण्यांत जातो. अर्थात् ज्याला वल्हवतां येत नाहीं, त्याला हा खेळच येत नाहीं. त्या अर्ध्या वेळाविषयीं मी आज बोलणार आहें.

माझी मुलगी मंगळुरास असते. तेथून उत्तरेस थोड्या अंतरावर मुल्की नांवाचें गांव आहे. शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या तेथें एकत्र होऊन समुद्रास मिळतात. आपल्या देशांत हा खेळ जेथें प्रथम रुजला, त्या मोजक्या ठिकाणांपैकीं तें एक. माझा नातू पंधरा वर्षांचा आहे. अंगानें दणकट, जोर-बैठका काढणारा, शाळेच्या कबड्डीच्या संघांत खेळणारा. तो तेथें शिकावयास जाऊं लागला. मी सोबतीला म्हणून वाळूंत छत्री रोवून बसत असें. आठ दिवस मीं एकच दृश्य पाहिलें. लाट येई, आमचा पठ्ठ्या दोन्ही हातांनीं पाणी बडवूं लागे, चोहोंकडे तुषार उडत, आणि लाट त्याच्या पोटाखालून शांतपणें निघून जाई. त्याच्या शेजारचीं कोळ्यांचीं काटकुळीं पोरें मात्र चार हात मारीत आणि लाटेबरोबर किनाऱ्याला येत. शिकविणाऱ्या तुळू तरुणाला मीं विचारलें, तेव्हां तो मोडक्या हिंदींत म्हणाला, "सर, याच्या अंगांत ताकद पुष्कळ आहे. पण तो पाण्याशीं भांडतो."

तें वाक्य मीं विनोद म्हणून सोडून दिलें. पुढच्या ऑक्टोबरांत त्याचा अर्थ मला कळला. आम्ही दुसऱ्या एका किनाऱ्यावर गेलों होतों. लाटा मोठ्या नव्हत्या. मुलगा पाण्यांत होता आणि पाहतां पाहतां तो दूर जाऊं लागला. किनाऱ्यावर आलेलें पाणी परत समुद्राकडे जातांना कधीं कधीं एका अरुंद वाटेनें ओढा वाहावा तसें वाहतें. त्या प्रवाहांत तो सांपडला होता. त्यानें किनाऱ्याकडे तोंड केलें आणि सारा जीव एकवटून हात मारावयास सुरुवात केली. मी उभा राहून ओरडत होतों. माझा आवाज अर्थातच त्याच्यापर्यंत पोंचत नव्हता. चाळीस वर्षें वर्गाच्या शेवटच्या बांकापर्यंत पोंचणारा आवाज त्या दिवशीं मला स्वतःलाच ऐकूं येईनासा झाला. पहाऱ्यावरच्या एका रक्षकानें उंचवट्यावर चढून हात आडवा करून खूण केली, 'बाजूला जा, बाजूला'. मुलाला तें सुदैवानें दिसलें. त्यानें किनाऱ्याशीं समांतर वल्हवलें, प्रवाहाच्या बाहेर पडला, आणि फुटणाऱ्या लाटांनीं त्याला आंत आणलें. वाळूवर येऊन तो पडला तेव्हां त्याला हात उचलवत नव्हते. थोड्या वेळानें म्हणाला, "आबा, मी इतके हात मारीत होतों, पण किनाऱ्यावरचें तें झाड जागचें हलतच नव्हतें."

असे परतीचे प्रवाह बहुधा सेकंदाला एक-दोन फूट इतक्याच गतीनें वाहतात. क्वचित् त्यांची गति सेकंदाला आठ फुटांपर्यंत जाते, आणि तेथें पट्टीच्या पोहणाऱ्याचाहि इलाज चालत नाहीं. त्यांच्याविरुद्ध न जातां आडवें जावें, हा पहिला नियम. हा नियम मुलाला त्या दिवशीं आठवला नाहीं ही एक गोष्ट. पण आडवें जावयाचें म्हटलें तरी दंडांत कांहीं शिल्लक असावें लागतें. तें त्यानें पहिल्या पांच मिनिटांत पाण्याशीं भांडून खर्च करून टाकलें होतें. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं आणि दुसऱ्या दिवशींपासून मी या विषयाचा विद्यार्थी झालों.

या विद्येचें माहेर म्हणजे हवाई बेटें. तेथें राजे आणि कोळी दोघेहि शतकानुशतकें लाटांवर खेळत आले. त्यांच्या भाषेंत या खेळाला हेए नालू, म्हणजे लाटेवर घसरणें, म्हणतात. विसाव्या शतकांत हा खेळ जगापुढें नेणारा पुरुष ड्यूक कहानामोकू होय. हा मूळचा पोहणारा. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें आणि पुन्हां १९२० सालीं अँटवर्प येथें शंभर मीटरच्या शर्यतींत त्यानें ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें. पण पदकांपेक्षां मला त्याची दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. १४ जून १९२५ या दिवशीं कॅलिफोर्नियांत न्यूपोर्ट बीच येथें तो मित्रांसह किनाऱ्यावर होता. समुद्र फार खवळला होता. बंदराच्या तोंडाशीं थेल्मा नांवाची, मासे धरावयास निघालेल्या हौशी मंडळींची नौका लाटांनीं उलटविली. ड्यूक आपली फळी घेऊन त्या फेंसांत शिरला, बुडणाऱ्या माणसांना फळीवर घेऊन किनाऱ्याला आणून सोडूं लागला, आणि पुनःपुन्हां परत गेला. सतरा माणसें त्या दिवशीं दगावलीं. बारा वांचलीं, त्यांपैकीं आठ एकट्या ड्यूकनें आणलीं. पुढें समुद्रकिनाऱ्यावरील रक्षकांच्या साहित्यांत फळीला मानाचें स्थान मिळालें, त्यांत या प्रसंगाचा वाटा मोठा आहे.

त्या काळच्या फळ्या भरीव लाकडाच्या आणि जड असत, हें येथें लक्षांत घ्यावें. आठ माणसें वांचलीं तीं ऐटीनें लाटेवर उभें राहण्याच्या कौशल्यानें नव्हेत. पालथें पडून, समोरून कोसळणाऱ्या पाण्यांतून, वेळ न दवडतां आणि दम न घालवितां जाण्याच्या कौशल्यानें वांचलीं. पहिल्या फेरींतच ज्याचे खांदे भरून आले असते, त्याला दुसरी फेरी करतां आली नसती.

ड्यूकच्याच परिवारांतला टॉम ब्लेक नांवाचा अमेरिकन तरुण होता. त्यानें फळीकडे लक्ष दिलें. होनोलूलूच्या बिशप म्युझियममध्यें जुन्या सरदारांच्या चौदा-सोळा फुटी फळ्या ठेवलेल्या आहेत. १९२६ सालीं त्यानें त्यांच्या नमुन्यावर फळी तयार केली, तिचें वजन घटविण्यासाठीं तिला शेंकडों भोंकें पाडलीं आणि वरून पातळ लाकडानें तीं बंद केलीं. त्यांतून पुढें होडीसारखी पोकळ फळी निघाली. १९३२ सालीं अशा फळीवरून त्यानें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून कॅटालिना बेटापर्यंतचें पंचवीस मैलांहून अधिक अंतर केवळ हातांनीं वल्हवून सहा तासांच्या आंत तोडलें. फळी लांब असली कीं पाण्यावर ती जलद जाते, हें नावाड्यांना पूर्वींपासून ठाऊक आहे. पाण्यावर चालणारी कोणतीहि वस्तु आपल्या पुढें एक लाट उभी करते आणि ठराविक गतीच्या पुढें गेल्यास त्या लाटेचा चढ तिला चढवत नाहीं. ही मर्यादा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणें वाढते. लांबी चौपट झाली, तर गति दुप्पट. पण लांब फळी लाटेवर वळवितां येत नाहीं. म्हणून आजचा शिकाऊ मुलगा आठ-नऊ फुटी फळी घेतो आणि मुरलेला खेळाडू सहा फुटांच्या आसपास उतरतो. फळीनें जें काढून घेतलें, तें हातांनीं भरून द्यावयाचें, असा हा हिशेब आहे.

आतां थोडें गणित. माझी संवयच आहे, क्षमा असावी. दोन मीटर खोल पाण्यावरून येणारी लाट तासाला सुमारें सोळा किलोमीटर या गतीनें धांवते. चांगला खेळाडू सारा जोर लावूनहि तासाला सात किलोमीटरच्या पुढें फारसा जात नाहीं. मग तो लाट गांठतो तरी कशी ? उत्तर असें कीं, तो ती गांठत नाहीं. लाटच त्याला उचलून घेते. लाट उथळ पाण्यांत आली म्हणजे तिची पाठ उभट होते, फळीचें मागचें टोंक वर उचललें जातें, आणि फळी उतारावरून घसरूं लागते. मात्र हा उतार तिच्या खालून निघून जाण्यापूर्वीं तिनें लाटेची गति घेतली पाहिजे. मुंबईच्या आगगाडींत चालतां चालतां चढणारा माणूस आपण पाहिला असेल. (कोणीं तसें करूं नये, हें सांगणें माझें कर्तव्य आहे.) तो गाडीच्या गतीनें धांवत नसतो, पण चार पावलें धांवल्यानें त्याच्या आणि गाडीच्या गतींतला फरक कमी होतो, म्हणून त्याचा हात निसटत नाहीं. जो जागच्या जागीं उभा राहून दांडा धरतो, त्याची काय गत होते तें सांगावयास नको. फळीवरची गति ही त्या चार पावलांसारखी आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पाण्याचा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि त्यासाठीं लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. म्हणजे गति एक दशांशानें वाढवावयाची असेल, तर मेहनत सुमारें एक तृतीयांशानें वाढवावी लागते. हा सौदा तोट्याचा आहे. दंडांत एक तृतीयांश बळ वाढवावयास वर्ष लागेल. पण पाण्याला होणारी अडचण कमी करावयाची तर ती एका सकाळींहि कमी होऊं शकते. आमच्या नातवाची चूक येथेंच होती. तो बळ वाढवीत होता आणि त्याबरोबर अडचणहि वाढवीत होता.

ही अडचण कोठून येते ? पहिली फळीवर निजण्याच्या जागेवरून. माणूस फार मागें सरकला, तर फळीचें नाक वर होतें आणि ती पाणी कापीत न जातां ढकलीत जाते, भरलेली बैलगाडी उलाळ झाल्यासारखी. फार पुढें सरकला, तर नाक पाण्यांत घुसून कोलांटी मिळते. नाक पाण्याच्या वर बोट-दोन बोटें राहील अशी एकच जागा असते. ती सांपडली, कीं फळीवर छातीपाशीं खूण करून ठेवावी. आमच्या मुलानें तीन महिने ही खूण केली नव्हती. तो दर वेळीं अंदाजानें निजत असे, आणि भीतीमुळें अंदाज नेहमीं मागेंच चुके. दुसरी अडचण पायांची. पाय फांकवले, कीं ते फळीच्या बाजूंनीं पाण्यांत लोंबतात आणि नांगरासारखे ओढतात. ते जुळवून ठेवावे. छाती किंचित् उचललेली, नजर पुढें, आणि डोकें स्थिर. दर हाताला डोकें इकडून तिकडे हलविणाऱ्याची फळीहि तशीच डोलते आणि सरळ अंतर नागमोडी होऊन वाढतें.

आतां मुख्य गोष्ट, हात. येथें मला थोडें रेंगाळूं द्या.

लहानपणीं आमच्या गांवच्या विहिरींत मीं पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहावयास शिकलों. शिकविणारे एक काका होते. आम्ही पोरें भीतीनें पाणी बडवूं लागलों कीं ते कांठावरून ओरडत, "अरे, पाण्याला मारतोस काय ? तें काय तुझें देणें लागतें ? पाणी धर !" पाणी धरावयाचें म्हणजे काय, हें मला तेव्हां कळलें नाहीं. पन्नास वर्षांनीं, त्रेसष्टाव्या वर्षीं, शांभवीच्या स्तब्ध पाण्यांत फळीवर पालथा पडलों, तेव्हां कळलें. आपण विहिरीचें पाणी हातांनीं शेंदलें असेल. दोर ओढतांना एक हात खालीं जाऊन दोर घट्ट पकडतो, वर ओढतो, तोंपर्यंत दुसरा हात त्याच्याहि खालीं गेलेला असतो. पकडलेल्या ठिकाणीं मूठ दोरावरून घसरत नाहीं. घसरली तर घागर जागचीच राहते आणि तळहात मात्र सोलून निघतो. फळीवर हेंच आडव्या दिशेनें करावयाचें. पाण्यांतला हात जणूं एका जागीं रोवला गेला आणि त्याच्या आधारानें आपण पुढें सरकलों, असें वाटलें पाहिजे. हात मागें निसटला आणि अंग जागेवर राहिलें, तर तो दोर सुटला असें समजावें.

यासाठीं हात पाण्यांत जातांना बोटांच्या टोंकांनीं, तळवा खालीं करून, खांद्याच्या सरळ रेषेंत शक्य तितका पुढें, आवाज न करतां जावा. तळवा आपटला कीं त्याच्याबरोबर हवा खालीं जाते. आणि बुडबुड्यांनीं भरलेलें पाणी हाताला धरतां येत नाहीं. जेथें तुषार फार, तेथें पकड नाहीं, ही खूण किनाऱ्यावर बसूनहि ओळखतां येते. हात आंत गेला कीं पुष्कळ जण तो सरळ ठेवूनच खालीं दाबतात. त्यानें फळीचें नाक वर उचललें जातें, पुढें कांहींच जात नाहीं. कोपर वरतीं, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवून बोटें समुद्राच्या तळाकडे वळवावीं, म्हणजे तळव्यापासून कोपरापर्यंत सारा हात एका वल्ह्याच्या पात्यासारखा उभा होतो. मग तो फळीच्या कडेजवळून सरळ मागें ओढावा. बोटें घट्ट मिटूं नयेत आणि फांकवूंहि नयेत. किंचित् विलग असलीं, तर उलट पकड थोडी वाढतेच, असें शास्त्रज्ञ सांगतात. हात कमरेपाशीं आला कीं बाहेर काढावा. त्याहून मागें नेल्यास पाणी वरतीं फेंकलें जातें आणि त्याचा उपयोग नाहीं. बाहेर येतांना आधीं कोपर, मग सैल सोडलेला पंजा. हा परतीचा क्षण विश्रांतीचा आहे. हवेंतून जाणाऱ्या हातानेंहि जो मूठ आवळून ठेवतो, तो दिवसाकाठीं हजार वेळां विश्रांति नाकारतो. खेळाडूंचे खांदे दुखतात, त्यांत या आवळलेल्या हातांचा भाग बराच असावा, असें मला वाटतें.

हात सरळ ओढावा कीं नागमोडी, याबद्दल विद्वानांत एके काळीं मोठा वाद होता. इंडियाना विद्यापीठांतील काउन्सिलमन या नामांकित शिक्षकानें पाण्याखालीं चित्रें घेऊन १९७१ च्या सुमारास असें मत मांडलें, कीं श्रेष्ठ पोहणारे हात नागमोडी फिरवितात आणि पंख्याच्या पात्याप्रमाणें त्यांना बळ मिळतें. पुढें त्या मताला ओहोटी लागली आणि सरळ ओढीकडे बहुतेकांचा कल वळला. फळीवाल्यांना या वादांत पडण्याचें कारण नाहीं. त्यांच्या पोटाखालीं फळी असल्यामुळें हात आंत वळवावयास जागाच नसते, आणि तिरपी ओढ घेतली तर फळीचें नाक फिरतें.

हें सारें मीं पुस्तकी विद्येवर सोडलें नाहीं. नदीकांठीं एक वांकलेला माड होता आणि त्याच्यापुढें होड्या बांधण्याचा एक खांब. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीं पाणी घटकाभर स्तब्ध असतें, त्या वेळीं मी माडापासून खांबापर्यंत वल्हवीत असें आणि हात मोजीत असें. पहिल्या दिवशीं एकसष्ट हात लागले. बाराव्या दिवशीं चव्वेचाळीस. मला फार आनंद झाला. पण नातू घड्याळ घेऊन बसला होता. तो म्हणाला, "आबा, हात कमी झाले खरे, पण वेळ वाढला कीं !" मी प्रत्येक हातानंतर फळी थांबेपर्यंत आरामांत घसरत होतों, आणि थांबलेली फळी पुन्हां चालवावयास जास्त जोर लागत होता. परीक्षेंत उत्तराचा आंकडा जुळवून मधल्या पायऱ्या खोट्या लिहिणाऱ्या मुलांना मीं आयुष्यभर छड्या मारल्या. येथें मी तेंच करीत होतों. तेव्हांपासून आम्ही हात आणि सेकंद दोन्हीं मोजूं लागलों. एक हात कमरेपाशीं पोंचतो न पोंचतो तोंच दुसऱ्यानें पाणी धरावें, मध्यें गति मरूं देऊं नये, हें त्यांतून समजलें. घरीं परत आल्यावर मी ओसरीवरच्या बांकावर पालथा पडून आरशासमोर कोपर वर ठेवण्याचा अभ्यास करीत असें. तो पाहून घरांतील मंडळींनीं काय उद्गार काढले, ते आकाशवाणीवर सांगण्याजोगे नाहींत.

लाट प्रत्यक्ष येते तेव्हांची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती ऐकून शिकण्यापेक्षां मार खाऊन शिकण्याची आहे. लाट दुरून येतांना दिसली कीं किनाऱ्याकडे वळावें आणि लांब, संथ, पूर्ण हातांनीं फळीला चाल द्यावी. मध्यें एकदां मागें पाहावें. नवशिके बहुधा मागें पाहत नाहींत, किंवा पाहतात ते पाहतच राहतात. फळीचें मागचें टोंक उचलल्याचें पोटाला जाणवलें कीं तेथून पुढचे तीन-चार हात झपाट्याचे. परंतु झपाट्याचे म्हणजे आंखूड नव्हेत. बहुतेकांची लाट येथेंच सुटते. घाईंत हात आंखूड होतो, तळवा आपटूं लागतो, आणि ज्या क्षणीं पकड सर्वांत जास्त हवी त्याच क्षणीं ती जाते. फळी आपोआप घसरूं लागली असें वाटल्यावरहि आणखी दोन हात मारावे. उठण्याची घाई करूं नये. आमचा मुलगा पूर्वीं एका लाटेमागें तीस तीस हात बडवीत असे आणि एकतिसाव्याला थकून थांबत असे.

पावसाळ्यांत आमच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रांत उतरणें म्हणजे वेडेपणा आहे, म्हणून सारा अभ्यास नदीच्या आणि तळ्याच्या स्थिर पाण्यांतच करावा लागला. मला तें बरेंच वाटलें. लाटा असल्या कीं मुलाचें लक्ष लाटेकडे जातें, हाताकडे राहत नाहीं. नुसत्या पाण्यावर त्याला कंटाळा येई. पण कंटाळा सोसल्यावांचून पाढे पाठ होत नाहींत, आणि हा पाढाच आहे. रोज वीस मिनिटें, खांदा दुखूं लागला कीं त्याच क्षणीं बंद, आणि प्रवाहांतून आडवें निघण्याचा सराव नदीच्या ओहोटींत दर आठवड्याला एकदां, दोर बांधून. इतका आमचा नेम होता. हा शेवटचा सराव मीं त्याच्या आईच्या आग्रहावरून सुरू केला, असें लोकांना सांगतों. खरें म्हणजे आग्रह माझाच होता.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, आम्ही पुन्हां समुद्रावर गेलों. मुल्कीच्या वाळूंत मी तीच छत्री रोवली. मुलगा आंत गेला. फेंसाच्या दोन ओळी ओलांडतांना त्याच्या हातांचे तुषार मला दिसले नाहींत, तेव्हां मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. तो फळीवर बसून राहिला. दोन लाटा त्यानें सोडल्या. तिसरी येतांना वळला, निजला, एकदां मागें पाहिलें आणि हात टाकूं लागला. मी मोठ्यानें मोजूं लागलों. शेजारीं जाळें विणीत बसलेला एक म्हातारा कोळी माझ्याकडे वळून पाहूं लागला; त्याला मराठी येत नव्हतें, पण आंकडे कोणत्याहि भाषेंत ओळखूं येतात. आठ, नऊ, दहा. लाटेची पाठ उभी राहिली. अकरा. फळीचें मागचें टोंक उचललें गेलें. बारा, तेरा. पुढें तो लाटेवर उभा राहिला कीं पडला, हें मला नीट दिसलें नाहीं, कारण मधेंच फेंस आला. पण म्हाताऱ्या कोळ्यानें मान डोलावली आणि तो पुन्हां जाळें विणूं लागला.